संगणकाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरद्वारे पडद्याच्या वीजव्यवस्थापनाची चाचणी : संकल्पना, पद्धती आणि महाविद्यालयीन उपयोजन

प्रस्तावना

महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय व विभागीय कक्ष येथे संगणकांची संख्या गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढली. त्याबरोबर विजेचा वापरही वाढला. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००२ मध्ये स्थापन झालेला ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आणि २००६ पासून सुरू झालेली तारांकित लेबलांची योजना यांमुळे वीजबचत हा धोरणाचा विषय झाला. पुढे नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात सातव्या निकषाखाली ऊर्जासंवर्धनाच्या उपायांविषयी विचारणा होऊ लागली आणि महाविद्यालये ऊर्जा लेखापरीक्षणाचे अहवाल तयार करू लागली. ‘सर्व संगणकांवर वीजबचतीची सोय कार्यान्वित आहे’ हे अशा अहवालांत सहज लिहिता येण्यासारखे वाक्य आहे. ते खरे आहे किंवा कसे, हे तपासण्याची पद्धत मात्र फारशी परिचित नाही.

प्रस्तुत लेखात संगणकाचा मॉनिटर झोपेच्या अवस्थेत कसा जातो, त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरची भूमिका काय असते आणि ही यंत्रणा खरोखर काम करते की नाही याची चाचणी साध्या साधनांनी कशी घेता येते, याचे विवेचन केले आहे. संगणकशास्त्राव्यतिरिक्त अन्य विषयांच्या प्राध्यापकांनाही ही चाचणी करता यावी, अशी मांडणी ठेवली आहे.

काळा पडदा आणि झोपलेला पडदा

सर्वप्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पडदा काळा झाला म्हणजे वीज वाचली, असे मानले जाते. हा समज स्क्रीन सेव्हरच्या काळापासून चालत आला आहे. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत फॉस्फरच्या थरावर आदळून चित्र उमटत असे. एकच चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटे. तो टाळण्यासाठी हलत्या चित्रांचा स्क्रीन सेव्हर आला. त्याचा हेतू पडद्याचे रक्षण हा होता. विजेची बचत हा नव्हे.

आजच्या एलसीडी मॉनिटरमध्ये पडद्यामागे एलईडीचा प्रकाश सतत तेवत असतो आणि द्रवस्फटिकांचा थर तो प्रकाश अडवतो किंवा सोडतो. काळे चित्र म्हणजे अडवलेला प्रकाश. मागील दिवे तसेच जळत राहतात, त्यामुळे काळ्या स्क्रीन सेव्हरने विजेत जवळजवळ फरक पडत नाही. साधारण १९ ते २२ इंची एलईडी मॉनिटर चालू असताना १५ ते २५ वॅट वीज घेतो आणि काळ्या चित्रालाही जवळपास तेवढीच घेतो. तोच मॉनिटर खऱ्या झोपेत गेल्यास वापर साधारणतः अर्ध्या वॅटच्या आसपास येतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही पडदे काळेच दिसतात. वीज मीटरला मात्र त्यांतील फरक कळतो.

संकेतांची भाषा

मॉनिटरने झोपावे हे त्याला संगणकाने सांगावे लागते. त्यासाठी एक समान भाषा हवी होती. १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एनर्जी स्टार हा उपक्रम सुरू केला आणि संगणक व मॉनिटर ही त्यातील पहिली उपकरणे ठरली. पुढील वर्षी, १९९३ मध्ये, व्हेसा या उद्योगसंस्थेने डीपीएमएस हे मानक प्रसिद्ध केले. त्यात नवीन तार किंवा नवीन पिन लागत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

व्हीजीए जोडणीतून मॉनिटरकडे रंगांबरोबर दोन ताल जात असतात. आडवा ताल प्रत्येक ओळीची आणि उभा ताल प्रत्येक पूर्ण चित्राची सुरुवात सांगतो. ६४० बाय ४८० बिंदूंच्या जुन्या चित्रात आडवा ताल सेकंदाला सुमारे ३१,५०० वेळा आणि उभा ताल सुमारे ६० वेळा येतो. डीपीएमएसने या तालांच्या असण्या-नसण्यालाच अर्थ दिला. दोन्ही ताल चालू असल्यास मॉनिटर जागा राहतो. केवळ आडवा ताल थांबल्यास ती ‘स्टँडबाय’ अवस्था, केवळ उभा ताल थांबल्यास ‘सस्पेंड’ आणि दोन्ही थांबल्यास ‘ऑफ’. काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये या पायऱ्यांना महत्त्व होते, कारण नळी पुन्हा तापून चित्र येण्यास वेळ लागे. हलकी झोप लवकर मोडता येई. एलसीडी मॉनिटरमध्ये हा भेद व्यवहारात उरला नाही.

पुढे जोडण्या बदलल्या. एचडीएमआय व डीव्हीआय यांत संकेताचा प्रवाह थांबवला की मॉनिटर झोपतो. डिस्प्लेपोर्टमध्ये तर एका स्वतंत्र पूरक वाहिनीवरून मॉनिटरच्या नोंदवहीत ‘झोप’ किंवा ‘जाग’ असा आकडा लिहिला जातो. याशिवाय प्रत्येक मॉनिटर आपली माहिती ईडीआयडी नावाच्या १२८ बाइटच्या ओळखपत्रातून संगणकाला देतो. त्यातील एका बाइटमध्ये आपण स्टँडबाय, सस्पेंड व ऑफ यांपैकी काय पाळतो, याचाही उल्लेख असतो.

ग्राफिक्स ड्रायव्हरची भूमिका

संगणकाची सेटिंग म्हणजे एक इच्छा होय. ‘१० मिनिटांनी पडदा बंद करावा’ असे वापरकर्ता सांगतो. ही इच्छा प्रत्यक्ष संकेतात उतरवण्याचे काम ग्राफिक्स ड्रायव्हर करतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा आदेश आल्यावर तो आधी पडद्याकडे जाणारी चित्रवाहिनी थांबवतो, मग संकेत निर्माण करणारी घड्याळे बंद करतो आणि शेवटी ग्राफिक्स चिपचे तेवढे भाग विजेपासून तोडतो. जाग आणताना हाच क्रम उलटा चालतो.

यात बचत दोन ठिकाणी होते. पहिली मॉनिटरमध्ये, जी सर्वांना दिसते. दुसरी संगणकाच्या आत. १९२० बाय १०८० बिंदूंचा पडदा, प्रतिबिंदू ४ बाइट आणि सेकंदाला ६० चित्रे असा हिशेब केल्यास केवळ स्थिर चित्र दाखवत राहण्यासाठीही मेमरीतून सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट वाचले जातात. पडदा झोपला की हे वाचन थांबते आणि चिपला अधिक गाढ विश्रांती घेता येते.

लिनक्समध्ये २००९ च्या २.६.२९ या आवृत्तीपासून पडद्याचे नियंत्रण टप्प्याटप्प्याने कर्नलमधील ड्रायव्हरकडे आले. २०१५ नंतर रुळलेल्या नव्या रचनेत स्टँडबाय, सस्पेंड व ऑफ या तिन्ही आज्ञांचा अर्थ ‘बंद’ असाच घेतला जातो. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील चार अवस्थांचे वर्णन आणि आजचे प्रत्यक्ष वर्तन यांत तफावत आढळल्यास तो दोष समजू नये.

एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. योग्य ड्रायव्हर बसवलेला नसतानाही संगणक चालतो. चित्र दिसते, टंकलेखन होते. अशा वेळी सिस्टिम एक मूलभूत ड्रायव्हर वापरत असते. त्याला चित्र दाखवता येते, परंतु संकेत थांबवता येत नाहीत. विंडोजमध्ये अशा संगणकावर ‘स्लीप’चा पर्याय उपलब्धच नसतो, लिनक्समध्ये पडदा काळा होतो, पण मागील दिवे जळत राहतात. विंडोज पुन्हा टाकल्यावर ड्रायव्हर बसवायचा राहून गेलेला संगणक वर्षानुवर्षे असाच चालू शकतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

चाचणीची पद्धती

*पूर्वतयारी.* चाचणीसाठी प्रयोगशाळेतील प्रत्येक प्रकारच्या संयोगाचा एक नमुना निवडावा. येथे संयोग म्हणजे संगणक, मॉनिटर, केबल व कन्व्हर्टर यांचा विशिष्ट संच. केवळ केबल बदलली तरी निकाल बदलू शकतो. प्रत्येक नमुन्याची ड्रायव्हर-आवृत्ती लिहून ठेवावी. चाचणीत पडदा परत न उजळण्याची शक्यता असल्याने लिनक्स संगणकावर नेटवर्कमधील दुसऱ्या संगणकावरून एसएसएचद्वारे आधीच प्रवेश करून ठेवावा. म्हणजे पडदा अंध झाला तरी आज्ञा देण्याची वाट मोकळी राहते.

*झोपेची आज्ञा.* दहा मिनिटे वाट पाहण्याऐवजी थेट आज्ञा देता येते. लिनक्समध्ये एक्स-सर्व्हर चालू असल्यास ‘एक्ससेट’ हे साधन वापरावे; त्यातील ‘डीपीएमएस फोर्स ऑफ’ ही आज्ञा पडदा तत्काळ झोपवते. आज्ञेपूर्वी दोन-तीन सेकंदांचा विराम घालावा, अन्यथा एंटर कळीवरून उचललेले बोटच संगणकाला हालचाल वाटते आणि पडदा लगेच जागा होतो. अलीकडच्या अनेक लिनक्स वितरणांत एक्सऐवजी वेलँड असते. तेथे एक्ससेटचा उपयोग होत नाही. डेस्कटॉपची स्वतःची सोय वापरावी लागते. विंडोजमध्ये पडद्याची मुदत एक मिनिट ठेवून चाचणी घेता येते.

*तीन साक्षी.* पडदा झोपला का, याविषयी तीन स्वतंत्र साक्षी घ्याव्यात. पहिली साक्ष ड्रायव्हरची. लिनक्समध्ये सिस-क्लास-डीआरएम या मार्गावर प्रत्येक जोडणीचे फोल्डर असते आणि त्यातील ‘डीपीएमएस’ नावाच्या फाईलमध्ये ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ लिहिलेले असते. ती दुसऱ्या संगणकावरून वाचावी. दुसरी साक्ष मॉनिटरची. त्याच्या दिव्याचा रंग बदलतो किंवा तो लुकलुकू लागतो, आणि अंधाऱ्या खोलीत मागील प्रकाश आहे की नाही हे डोळ्यांनी कळते. तिसरी साक्ष वॅटमीटरची. मॉनिटरचा प्लग वॅटमीटरमधून लावून झोपेपूर्वीचा व झोपेनंतरचा आकडा लिहावा. स्वस्त वॅटमीटर एक-दोन वॅटखाली अचूक नसतात. अशा अल्प वापराच्या मापनासाठी आयईसी ६२३०१ हे स्वतंत्र मानक आहे. तथापि २० वॅटवरून एका वॅटखाली घसरण झाली की नाही एवढे ठरवण्यास साधा मीटर पुरेसा ठरतो.

*जागृतीची चाचणी.* झोपणे ही अर्धी चाचणी होय. पडदा दर वेळी परत उजळतो का, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रत्येक नमुन्यावर किमान २० फेऱ्या घ्याव्यात आणि झोपेचा कालावधी बदलत राहावा : काही सेकंद, पाच मिनिटे, संपूर्ण रात्र. काही मॉनिटर थोड्या वेळाने अधिक गाढ झोपेत जातात आणि संगणकाला ते जोडणीच तुटल्यासारखे वाटतात. परत येताना रिझोल्यूशन बदलते किंवा दोन पडद्यांवरील खिडक्या एकत्र गोळा होतात. हा दोष पाच सेकंदांच्या चाचणीत कधीच सापडत नाही.

ड्रायव्हर विकसित करणारेही तत्त्वतः हेच करतात. लिनक्ससाठीच्या आयजीटी या चाचणीसंचात पडदा बंद करून ग्राफिक्स चिप गाढ विश्रांतीत गेल्याचा गणक वाढतो की नाही, हे पाहणारी चाचणी आहे. गूगलने मॉनिटरची बतावणी करणारे कॅमेलियम नावाचे उपकरण त्यासाठी तयार केले, तर २०१८ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये व्हीकेएमएस हा आभासी ड्रायव्हर समाविष्ट झाला. त्यामुळे प्रत्यक्ष ग्राफिक्स कार्डाशिवायही विद्यार्थ्यांना नियंत्रणाचा तर्क अभ्यासता येतो. वीज मोजण्यासाठी मात्र खऱ्या उपकरणाला पर्याय नाही.

निकालांचे वाचन

तिन्ही साक्षी जुळल्या तर प्रश्न उरत नाही. त्या जुळल्या नाहीत तर दोष नेमका कोठे आहे, हे विसंगतीवरूनच समजते.

१. पडदा काळा आहे, पण ड्रायव्हर ‘ऑन’ म्हणतो : केवळ स्क्रीन सेव्हर चालू आहे. तो काढून टाकावा.

२. मुदत संपली तरी पडदा झोपत नाही : एखादा प्रोग्राम पडदा जागा ठेवत आहे. व्हिडिओ, सादरीकरण किंवा ब्राउझरमधील उघडे पान हे नेहमीचे कारण असते. विंडोजमध्ये प्रशासकीय अधिकाराने ‘पॉवरसीएफजी’ची ‘रिक्वेस्ट्स’ ही आज्ञा दिल्यास त्या प्रोग्रामचे नाव कळते.

३. मागील दिवे जळत आहेत आणि वॅट उतरत नाहीत : मूलभूत ड्रायव्हर चालू असण्याची शक्यता अधिक. योग्य ड्रायव्हर बसवून चाचणी पुन्हा घ्यावी.

४. ड्रायव्हर ‘ऑफ’ म्हणतो, पण पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी झळकत राहते : मधला कन्व्हर्टर किंवा समोरचे उपकरण संकेताचा अर्थ पाळत नाही. मॉनिटरऐवजी दूरदर्शन संच वापरल्यास हे हमखास आढळते.

५. पडदा झोपतो, पण परत उठत नाही : प्रथम केबल बदलून पाहावी, नंतर ड्रायव्हरची आवृत्ती.

पाचवा दोष सर्वांत महागडा ठरतो. चाळीसपैकी एक पडदा परीक्षेच्या दिवशी उजळला नाही, तर प्रयोगशाळा सहायक दुसऱ्या दिवशी चाळीसही संगणकांची झोपेची सोय बंद करतो. त्याच्या जागी कोणीही हेच करील. एका संयोगातील दोषाची किंमत मग संपूर्ण प्रयोगशाळा पुढील कित्येक वर्षे मोजते. जागृतीची चाचणी आधीच घेतली असती, तर फक्त तो एक संगणक वगळता आला असता.

महाविद्यालयीन उपयोजन

वॅटमीटर उपलब्ध नसल्यास वीज मंडळाचा किंवा उपमीटरचा लुकलुकणारा दिवाही उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एका युनिटला किती स्पंद, हे छापलेले असते. उदाहरणादाखल ते ३,२०० आहे असे समजू. प्रयोगशाळेत ४० संगणक, प्रत्येकाची पेटी ४० वॅट व मॉनिटर २० वॅट घेते असे गृहीत धरल्यास एकूण भार २,४०० वॅट होतो आणि १०० स्पंदांना सुमारे ४७ सेकंद लागतात. सर्व मॉनिटर अर्ध्या वॅटवर झोपले, तर भार १,६२० वॅटवर येतो आणि त्याच १०० स्पंदांना सुमारे ६९ सेकंद लागतात. पंखे व दिवे दोन्ही वेळी बंद ठेवावेत. हातातील घड्याळावर हा फरक सहज मोजता येतो आणि विद्यार्थ्यांसाठी तो भौतिकशास्त्राचा उत्तम प्रयोगही होतो.

याच गृहीतांवर, दिवसातून तीन तास वापराविना जागे राहणारे पडदे वर्षातील २२० दिवस झोपू लागले, तर सुमारे ५१५ युनिट वीज वाचते. देशातील वीजनिर्मितीचे सरासरी उत्सर्जन प्रतियुनिट सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास ही बचत ३६० किलोच्या घरात जाते. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने आपले मोजलेले आकडे घालून हिशेब करावा.

वर्गखोल्यांतील प्रोजेक्टरचा विचार वेगळा करावा लागतो. संगणकाने संकेत थांबवला तरी प्रोजेक्टरचा दिवा विझत नाही. तो निळा किंवा काळा पडदा दाखवत दोनशे वॅट किंवा त्याहून अधिक वीज घेत राहतो. त्याच्या स्वतःच्या मेनूतील ‘संकेत नसल्यास बंद’ ही सोय चालू करणे हाच उपाय आहे. दिव्याचे आयुष्य मर्यादित व किंमत मोठी असल्याने येथील बचत केवळ विजेची राहत नाही.

महाड व पोलादपूर परिसरातील महाविद्यालयांना या विषयाचे आणखी एक अंग आहे. सावित्री व गांधारी नद्यांच्या या खोऱ्यात पावसाळा जोरदार असतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले तेव्हा वीज व संपर्कयंत्रणा दोन्ही कोलमडल्या. महापूर हा अपवाद म्हटला, तरी पावसाळ्यात वीज जाणे-येणे हा कोकणातील नेहमीचा अनुभव आहे. अशा वेळी प्रयोगशाळा यूपीएसच्या बॅटरीवर चालते. वरील उदाहरणात पडदे झोपल्याने भार जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. म्हणजे तीच बॅटरी सुमारे दीडपट वेळ पुरते. ऑनलाइन प्रवेश-अर्जाच्या अंतिम दिवशी किंवा सर्व्हर सुरक्षितपणे बंद करताना ही वाढीव मुदत मोलाची ठरते. मात्र त्यासाठी वीज आल्यानंतर पडदे नीट उजळतात का, याचीही चाचणी पावसाळ्यापूर्वीच झालेली असावी.

विद्यार्थ्यांच्या सहभागासाठी मराठीतील साधनेही आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्सच्या आज्ञांचे धडे मराठीत उपलब्ध आहेत. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून एका सत्रात एका प्रयोगशाळेची पूर्ण नोंदवही तयार करून घेता येईल.

नोंद आणि पुरावा

कागदावरील नोंद आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर हा महाडकरांना नवा विषय नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तोपर्यंत तो ठराव कागदावरच होता. आणि त्यानंतरही न्यायालयीन निर्णयासाठी १९३७ उजाडावे लागले. मानवी हक्कांच्या त्या संघर्षाशी विजेच्या युनिटांची बरोबरी होऊ शकत नाही आणि येथे ती अभिप्रेतही नाही. परंतु ठराव झाला म्हणजे अंमल झाला असे मानू नये, हा त्या इतिहासातून मिळणारा विवेक संस्थेच्या लहानसहान कारभारातही उपयोगी पडतो.

लेखापरीक्षणाच्या अहवालात ‘सोय कार्यान्वित आहे’ हे वाक्य सेटिंग पाहून लिहिता येते. ‘अमुक नमुन्यांवर, अमुक ड्रायव्हर-आवृत्तीसह, झोपेपूर्वी इतके व झोपेनंतर इतके वॅट मोजले, २० पैकी २० वेळा पडदा परत उजळला’ हे वाक्य लिहिण्यासाठी चाचणी करावी लागते. तपासणी समितीने पुन्हा मोजले तरी टिकेल, असे वाक्य दुसरेच होय.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पडदा काळा होणे आणि पडदा झोपणे या भिन्न क्रिया आहेत. सेटिंग ही इच्छा असून तिची अंमलबजावणी ग्राफिक्स ड्रायव्हर करतो. त्यामुळे योग्य ड्रायव्हरशिवाय बचतीची अपेक्षा करता येत नाही. ड्रायव्हर, मॉनिटर व वॅटमीटर या तीन साक्षी जुळल्या आणि जागृतीची चाचणी पार पडली, तरच यंत्रणा कार्यक्षम आहे असे म्हणावे.

महाविद्यालयांनी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, तसेच ऑपरेटिंग सिस्टिम किंवा ड्रायव्हर बदलल्यावर दर वेळी ही चाचणी घ्यावी. दोषी संयोगांची यादी प्रयोगशाळेत लावावी आणि झोपेची सोय फक्त तेवढ्याच संगणकांवर बंद ठेवावी. नवीन मॉनिटर किंवा कन्व्हर्टर खरेदी करताना एक नमुना आधी मागवून त्यावर किमान एक रात्रभर झोपेची चाचणी घेण्याची अट खरेदी समितीने घालावी.